घर घेऊन घराबाहेर

कनेरगाव नाक्यावर चक्रीवादळ येणार ही बातमी ऐकून निवृत्त ग्रामसेवक देविदासराव यांना खरं तर भीती वाटायला हवी होती. त्यांना वाटलं ते कुतूहल, आणि लपवायचं कशाला, थोडा आनंदही झाला. समुद्र कनेरगावापासून इतका लांब की निम्म्या गावाने तो पाहिलेला नाही. उरलेल्यांनी पाहिला तो लग्नानंतर एकदा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फोटो काढण्यापुरता. असं असताना बंगालच्या उपसागरातून निघालेलं वादळ सगळा आंध्र आणि तेलंगण तुडवत आपल्या हिंगोली जिल्ह्यात येतंय, म्हणजे आपल्याकडेही बघण्यासारखं काहीतरी असणारच, असं त्यांना वाटलं.

आनंदाचं खरं कारण मात्र दारात उभं होतं. ते कारण म्हणजे एका पडलेल्या उमेदवाराचा जुना प्रचाररथ. निवडणुकीत उमेदवार पडला, रथ रस्त्याच्या कडेला पडून राहिला, आणि निवृत्तीनंतर काय करायचं या विवंचनेत असलेल्या देविदासरावांनी तो स्वस्तात विकत घेतला. अमेरिकेत वादळ आलं की माणसं घरच गाडीसारखं चालवत दुसऱ्या गावी नेतात, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. एक म्हातारा-म्हातारी असं घर हाकत चालले आहेत, मागे आभाळ काळं झालंय आणि म्हातारी आत निवांत भाजी चिरतेय, हे दृश्य त्यांच्या डोक्यातून जाईना. मग त्यांनी रथात पलंग ठोकून घेतला, गॅसची शेगडी बसवली, वर पाण्याची टाकी चढवली आणि कोपऱ्यात एक न्हाणीही केली. या न्हाणीत माणसाला उभं राहता येत नसे, आणि बसला तर उठता येत नसे. दोन्ही बाजूंना हात जोडून हसणारा उमेदवार पांढऱ्या रंगाखाली गाडला गेला आणि वर ‘चालतं घर’ अशी अक्षरं आली.

या घरात सगळं होतं, फक्त घरची बाई नव्हती. देविदासरावांच्या पत्नी शिलाबाई यांनी रथाच्या पायरीवर अजून पाऊल ठेवलेलं नव्हतं.

त्यांचंही चुकत नव्हतं. नवऱ्याच्या बदल्यांपायी त्यांनी आयुष्यभर बिऱ्हाड हलवलं होतं. आज जवळा बाजार, उद्या नरसी, परवा आणखी कुठलं तरी गाव. प्रत्येक ठिकाणी घरमालकीण सांगणार की इथे खिळा ठोकू नका, तिथे पाणी सांडू नका. अखेर कनेरगावला स्वतःचं घर झालं, तेव्हा शिलाबाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्या भिंतींत खिळे ठोकून घेतले होते, त्यांतल्या कित्येकांना आजही काही टांगलेलं नाही. आणि आता निवृत्त झालेला नवरा हौसेने हे आणतो!

“जल्मभर बिऱ्हाड हलवलं,” त्या म्हणाल्या होत्या, “आता तर घरच हलतं आनलं. मी न्हाई बसायची त्या डबड्यात.”

देविदासरावांचा हिशेब नेमका उलटा होता. आजवर बायकोला सामान बांधावं लागलं, आता बांधावंच लागणार नाही, घरासकट निघायचं. हिला कुठे नेलं आपण? लग्नांना, दहाव्यांना आणि बदलीच्या गावाला. हे त्यांना आतून फार लागून राहिलं होतं. पण ते बोलून दाखवायला त्यांना जमलं नाही. त्याऐवजी त्यांनी शेगडीची माहिती सांगितली.

शेवटी पुण्याहून मुलीने, कोमलने, फोनवरच तोड काढली. दसऱ्यापर्यंत आई त्या गाडीत एकदा तरी बसली तर ठीक, नाहीतर गाडी विकायची. गिऱ्हाईकही तिने बघून ठेवलं, त्यात भज्यांचं दुकान काढू पाहणारं. आपल्या पलंगाच्या जागी भज्यांची कढई येणार, या कल्पनेने देविदासरावांचं जेवण तुटलं होतं. अशात वादळ आलं. आता सांगा, त्यांना आनंद का होऊ नये?

त्यांनी गावाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, “मी सहकुटुंब सुरक्षित स्थळी स्थलांतर करण्याचा विचार करतोय.” सेवेत असताना आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घेतल्यामुळे त्यांना साधं ‘जातो’ म्हणता येत नसे.

विचार करतोय म्हटल्यावर शेजारी मदतीला धावणारच. पहिले आले समोरचे ग्यानबा. सोयाबीन काढणीला आलेलं, त्यामुळे वादळ येऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि त्याला आधारही त्यांच्याकडे तयार होता.

“काय बी येत न्हाई, भाऊसाहेब. मुंग्या बघा. वादळ येनार असलं की मुंग्या अंडी घेऊन पळतेत. माझ्या अंगनातली येक मुंगी हलून न्हाई राहिली.”

देविदासरावांना हे फार रंजक वाटलं. ते मुद्दाम मुंग्या बघायला गेले. खरोखरच एकही हलत नव्हती. दोघं बराच वेळ वाकून बघत बसल्यावर ग्यानबांच्या घरातून मंजुळाबाईंचा आवाज आला, “आवो, मी सकाळी पावडर टाकलीय तितं. मेल्यात त्या.”

तरीही ग्यानबांनी आपलं मत बदललं नाही. मात्र जायचंच असेल तर पश्चिमेला जा, असं ते म्हणाले, कारण त्यांचा जावई पश्चिमेला होता. मंजुळाबाई म्हणाल्या औंढ्याला जा, देव सांभाळेल. नाक्यावरचा मुन्ना मिस्त्री म्हणाला गाडीला फार लांब नेऊ नका, बंद पडली तर मला यायला बराबर पडलं पाहिजे. ज्याची जिथे सोय ती सुरक्षित दिशा, हा नियम देविदासरावांना प्रशिक्षणात कुणी शिकवला नव्हता.

मुळात आपण जायचं की थांबायचं हे कळावं म्हणून ते ग्रामपंचायतीत गेले. आपल्याच जुन्या कचेरीत बाकावर बसायची वेळ आली की माणसाला काय वाटतं ते निवृत्त लोकच जाणोत. त्यांच्या जागी आलेल्या मिना मॅडम चांगल्या होत्या. वागायला आदबशीर आणि नियमाला पक्क्या.

“आदेश दोन आहेत, भाऊसाहेब,” मॅडम म्हणाल्या. “नाल्याकाठच्या, पूररेषेतल्या कुटुंबांनी घर सोडून सुरक्षित जागी जायचं. बाकीच्यांनी घरातच थांबायचं, बाहेर पडायचं नाही. दोन्ही काटेकोर पाळायचे आहेत.”

“मग आम्ही कशात?”

मॅडमनी नकाशा बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. “तुमची मागची न्हाणी पूररेषेत येते. पुढची ओसरी येत नाही.”

“म्हणजे न्हाणीने जायचं आणि ओसरीने थांबायचं?”

“मी वर विचारते,” मॅडम म्हणाल्या. वर विचारते म्हणजे काय, हे देविदासरावांना चांगलंच माहीत होतं. त्यांनीही लोकांना अनेक वर्षं हेच सांगितलं होतं. म्हणून ते म्हणाले, “आम्ही घर सोडूनच जातो. चालतं घर आहे ना आमचं.”

आता मॅडमचं कुतूहल जागं झालं. “पण घर घेऊन जाणार तर घर सोडलं असं कसं धरायचं? आणि त्यात स्वयंपाक, झोपणं सगळं होत असेल तर ते घरच झालं. मग घरपट्टी लागेल. आणि घर नसेल तर ती गाडी. मग माझ्याकडे तो विषयच नाही.”

जो माणूस घर सोडतो पण घर घेऊनच सोडतो, तो घराबाहेर पडला म्हणायचा की नाही? देविदासराव परत येताना वाटभर हाच विचार करत होते. सेवेत असते तर त्यांनी यावर मार्गदर्शन मागवलं असतं.

घरी आल्यावर त्यांनी निर्णय सांगितला. निघायचं. टीव्हीवर वादळ आणखी पुढे सरकलं होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते नांदेडच्या अंगाने आत शिरणार होतं. शिलाबाई निवडत होत्या ते गहू निवडतच राहिल्या.

“उद्यापासून पितरपाट लागून राहिलं,” त्या म्हणाल्या. “पितरपाटात नव्या घरात पाय ठेवत नसतेत.”

“अगं, पितृपक्ष घरासाठी, ही तर गाडी आहे!”

“आजवर समद्या गावाला घर-घर म्हनून सांगत फिरलात. परवा तर वास्तुशांतीचं बोलत हुतात.”

वास्तुशांतीचं देविदासराव खरोखर बोलले होते. लाडवाची चौकशीसुद्धा केली होती.

मग तडजोड निघाली. ती सुचवली मंजुळाबाईंनी. आजचा दिवस पौर्णिमेचा, चांगला. आज प्रस्थान ठेवायचं. प्रस्थान ठेवणं म्हणजे असं की निघायचा मुहूर्त साधत नसेल तर चांगल्या दिवशी आपल्या सामानातली एक पिशवी शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. पिशवी निघाली म्हणजे माणूस निघाला. मग तो प्रत्यक्षात दोन दिवसांनी उठला तरी चालतो. आपल्या लोकांनी पंचांगाला घातलेल्या वळशांमध्ये याच्याइतका सोयीचा वळसा दुसरा नसेल. मात्र त्याचे दोन नियम आहेत, ते मंजुळाबाईंनी बोटावर मोजून सांगितले. एक, पिशवीत ज्याच्यावाचून अडेल अशी वस्तू पाहिजे, नुसते तांदूळ-सुपारी ठेवून देवाला फसवायचं नाही. दोन, एकदा घराबाहेर गेलेली पिशवी माघारी आणायची नाही. माघारी आणली की प्रवास मोडला.

ज्याच्यावाचून अडेल अशी वस्तू कोणती, यावर शिलाबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. “किल्ली ठिवा,” त्या म्हणाल्या.

हा डाव होता की श्रद्धा, हे देविदासरावांना अजूनही कळलेलं नाही. पण बायको एवढ्यावर तयार झाली याच आनंदात त्यांनी रथाची एकुलती एक किल्ली तांदूळ, सुपारी आणि हळदीकुंकवासकट पिशवीत घातली. पिशवी ठेवायला शेजारचं प्रज्ञेशचं घर ठरलं. प्रज्ञेश शाळेत विज्ञान शिकवायचा; घरी तो आणि बायको आकांक्षा. मुहूर्तबिहूर्त त्याच्या घरात चालत नसे, त्याचं घर आंबेडकरी विचारांचं. पण भाऊसाहेबांनी त्याच्या वडिलांच्या आजारपणात रात्री-अपरात्री धावपळ केली होती, तेव्हापासून तो त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता.

“माझा यावर काडीचा विश्वास नाही, काका,” तो पिशवी दोन्ही हातांनी घेत म्हणाला. “पण तुमची वस्तू आहे. जिवापाड सांभाळीन.”

“तू कुठे जाणार नाहीस ना?”

“छे! वादळ इथवर येईस्तोवर त्याचा जोर ओसरतो. हवेच्या दाबाचं साधं गणित आहे.”

संध्याकाळी देविदासरावांना वाटलं, निघण्याआधी गाडी एकदा सुरू करून बघावी. गेल्या दोन महिन्यांत ती सुरू केलीच नव्हती. पण किल्ली आणायची म्हणजे पिशवी माघारी आणायची. नुसती किल्ली काढून आणली तर? शिलाबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते टीव्ही बघायला बसले. आपलं इंजिन चालू होतं की नाही हे निघाल्यावरच कळणार, असा प्रवास जगात आणखी कुणी केला असेल का, याचं त्यांना राहून राहून नवल वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ खाली आलं. वारा असा विचित्र दिशेने सुटला की ग्यानबांच्या गोठ्याचा पत्रा दोनदा उचलून जागच्या जागी बसला. मागचा नाला फुगला आणि पाणी पूररेषेचा मान राखत न्हाणीत शिरलं, ओसरीत आलं नाही. नकाशा काढणाऱ्याबद्दल देविदासरावांना प्रथमच आदर वाटला. बूट, डोक्याला कानटोपी, गळ्यात शिटी अशा प्रशिक्षणात सांगितलेल्या वेषात ते किल्ली आणायला शेजारी गेले.

प्रज्ञेशच्या दाराला कुलूप होतं.

फोन लावला. पलीकडून प्रज्ञेश फार जबाबदारीने बोलत होता. “काका, आम्ही वाशीमला आहोत. आकांक्षाच्या आईंचा फोन आला होता सकाळी, रडायलाच लागल्या.” हवामान खात्यापुढे हवेच्या दाबाचं गणित मांडता येतं, सासूबाईंपुढे मांडता येत नाही, हे विवाहित वाचकांना सांगायला नको. “पण तुम्ही काळजी करू नका. तुमची पिशवी मी मागे सोडली नाही. बंद घरात पाणी शिरलं असतं तर? जिवापाड सांभाळीन म्हटलं होतं ना? सोबत आणली. कपाटात ठेवलीय. कोरडी ठणठणीत आहे.”

देविदासरावांनी आभार मानले. दुसरं काय करणार? पिशवीचं सुरक्षित स्थळी स्थलांतर झालं होतं, माणसं मात्र पाण्यात उभी होती.

त्यांनी ही वार्ता घरात सांगितली तेव्हा शिलाबाई हसतील किंवा रागावतील असं त्यांना वाटलं. पण त्या दचकल्याच. “परस्थान वाशीमला गेलं? पैनगंगेच्या पल्याड?”

“हो ना. आता काय, राहू इथेच.”

“ऱ्हाऊ कसं? परस्थान गावाची शीव वलांडून गेलं अन् मानसं मागं ऱ्हायली, हे लई वंगाळ. आता त्याच्या मागं जावंच लागते.”

कुठल्या दिशेला जायचं हा दोन दिवसांचा वाद पिशवीने एका झटक्यात मिटवला. देविदासरावांना कोण आनंद झाला! पण किल्ली नव्हती. मुन्ना मिस्त्रीला बोलावलं. तो डोक्यावर खताचं पोतं घेऊन आला, स्टेअरिंगखाली शिरला आणि वायरी ओढू लागला.

“किल्लीची काय तकलीफ न्हाई, भाऊसाहेब. ह्या दोन जोडल्या की बराबर सुरू होते.”

त्याने त्या दोन जोडल्या. इंजिन खोकलं, धूर निघाला, गाडी सुरू झाली. आणि त्याच क्षणी टपावरून ढगासारखा आवाज गडगडला:

“बंधूंनो आणि भगिनींनो! सर्वांनी घराबाहेर पडा! प्रचंड संख्येने घराबाहेर पडा! कुणाच्याही भूलथापांना बळी पडू नका!”

टपावरचा कर्णा आपत्तीत सूचना द्यायला उपयोगी पडेल म्हणून देविदासरावांनी तसाच राहू दिला होता. त्याच्या पोटात उमेदवाराचं भाषण अजून जिवंत होतं.

“बंद कर ते!” देविदासराव ओरडले.

“वायर येकच हाय,” मुन्ना म्हणाला. “भाषन बंद केलं तर गाडी बी बंद पडते.”

गल्लीतली माणसं भराभरा दारात आली. सकाळपासून ग्रामपंचायत घरात थांबा म्हणत होती, आता कुणीतरी बाहेर पडा म्हणत होतं, आणि भूलथापांना बळी पडू नका असंही वर सांगत होतं, तेव्हा नेमकी भूलथाप कोणती हे कुणाला कळेना. त्यात पावसाने कमाल केली. बाजूचा पांढरा रंग ओघळू लागला आणि खालून उमेदवार हळूहळू वर आला, आधी टोपी, मग डोळे, मग ते हसू आणि जोडलेले हात. ग्यानबांनी सवयीने हात जोडून त्याला नमस्कार केला.

“निवडनूक लागली काय वं?” मंजुळाबाईंनी विचारलं.

आयुष्यात देविदासराव कुठल्याही पक्षाच्या वाटेला गेले नव्हते. सरकारी माणसाने तटस्थ राहावं, हे त्यांनी व्रतासारखं पाळलं होतं. आणि आता ते सगळ्या गावादेखत हरलेल्या माणसाचा प्रचार करत निघाले होते. शरमेने त्यांनी कानटोपी आणखी खाली ओढली.

प्रश्न राहिला शिलाबाईंचा. जायचं तर होतं, पण पितरपाटात नव्या घरात पाय ठेवायचा नव्हता. त्या पावसात गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या आणि त्यांनी निकाल दिला. “म्होरची बाजू गाडी हाय. मागची बाजू घर हाय. मी म्होरं बसते.” आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर त्या पदर खोचून बसल्या. मिना मॅडमना जे वर विचारावं लागलं असतं, ते त्यांनी जागेवर मिटवलं. यात कोमलची अट पुरी झाली की नाही, हा प्रश्न देविदासरावांच्या मनात आला, पण विचारायची ही वेळ नव्हती.

नाक्यातून वाशीमच्या रस्त्याला लागेपर्यंत भाषण तीनदा झालं. विरोधकांनी तुमच्यासाठी काय केलं, असा सवाल कर्णा बंद दुकानांना करत होता. ढाब्यांवर अडकलेले ट्रकवाले बाहेर येऊन बघत होते. शिलाबाई सरळ समोर पाहत बसल्या होत्या. देविदासरावांनी चोरून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, बायको रागाने लाल झाली आहे. पण तिच्या ओठाचा कोपरा हलत होता, आणि तो कशाने हलतोय ते त्यांना ओळखता आलं नाही.

पुलाच्या अलीकडे रस्त्यावर आडवे बॅरिकेड होते आणि रेनकोटातली एक तरुण पोलीस बाई हात वर करून उभी होती. देविदासरावांनी ब्रेक दाबला. इंजिनाने एक आचका दिला आणि ते बंद पडलं. कर्ण्यानेही ‘तुमचा हक्काचा माणूस’ इथपर्यंत म्हणून मान टाकली.

“काय चाललंय?” पोलीस बाई कडाडल्या. छातीवरच्या पट्टीवर ‘निलम’ असं नाव होतं. “वादळात लोकांना घराबाहेर पडा म्हणून सांगता? शिकलेले दिसता. नाक्यावरून मला फोनवर फोन येऊन राहिले. पूल बंद झाला आहे. फिरवा गाडी, घरी जा.”

“मॅडम, मी स्वतः निवृत्त ग्रामसेवक असून...” देविदासरावांनी सुरुवात केली. पण ‘असून’च्या पुढे काय म्हणायचं ते त्यांना सुचेना. त्यांनी खाली उतरून वायरी जोडून पाहिल्या. गाडी सुरू होईना. मागे वळून पाहिलं तर ज्या रस्त्याने आले त्यावर बाभळीचं झाड आडवं पडलं होतं. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. पावसात कानटोपीतून पाणी गळत होतं, बाजूला उमेदवार हात जोडून हसत होता.

“किल्ली?” पोलीस बाईंनी विचारलं.

“वाशीमला आहे.”

“गाडी इथं, किल्ली वाशीमला?” त्या जवळ आल्या. त्यांनी वायरींकडे पाहिलं, मग देविदासरावांकडे पाहिलं. “चोरीची आहे का?”

देविदासरावांची आयुष्यभराची नोकरी, एक डाग नाही, आणि हा प्रश्न. प्रस्थानाचा खुलासा करावा तर तो कुठून सुरू करायचा? त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं. कोमलचं बरोबर होतं. गावाचं बरोबर होतं. अमेरिकेतल्या म्हाताऱ्याची गोष्ट अमेरिकेतच ठीक होती.

“चोरीची नाही मॅडम, माझीच आहे. कागद आत आहेत,” ते म्हणाले. “पण ठेवायची असेल तर ठेवून घ्या ठाण्यात. साधी गाडी आहे जुनी. आम्ही दोघं चालत जातो.”

साधी गाडी म्हणताना त्यांचा आवाज फुटला. बायकोकडे पाहायचा धीर त्यांना झाला नाही.

पुढचं दार उघडल्याचा आवाज झाला. शिलाबाई खाली उतरल्या. आता त्या आपल्याला घेऊन पायी निघणार असं देविदासरावांना वाटलं. पण शिलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओल्या लुगड्याचा सोगा हातात धरून त्या गाडीला वळसा घालून मागे गेल्या, मागचं दार उघडलं, आणि पायरी चढून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला. मग काडेपेटीचा. एक काडी विझली, दुसरी पेटली.

देविदासराव जागचे हलले नाहीत. पितरपाट लागलं होतं, पहिलाच दिवस होता, हे त्यांनी मनात दोनदा म्हटलं.

पोलीस बाई कागद बघायला मागच्या दाराशी गेल्या आणि त्यांनी चिखलाने भरलेला बूट पायरीवर ठेवला.

“बूट भाईर काढा, बाई,” आतून शिलाबाई म्हणाल्या.

“काय?”

“बूट भाईर काढून या. घर हाय हे.”

पोलीस बाई गोंधळल्या. “मावशी, आदेश आहे. सगळ्यांनी आपापल्या घरात थांबायचं. रस्त्यावर थांबता येणार नाही.”

“मंग आमी काय करून राहिलो? आमी आमच्या घरातच हाओत. तुमीच पावसात उभ्या ऱ्हायलात कवाच्या. या, चहा ठिवलाय. पन बूट काढा आदी. आताच पुसलंय मी.”

वारा पुलावरून घोंघावत आला. पोलीस बाईंनी एकदा रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं, मग खाली बसून नाडी सोडायला लागल्या.

चहाचा वास बाहेर आला. त्यात आलं होतं. शिलाबाईंनी आलं कधी आणून ठेवलं, कुणाच्या नकळत ठेवलं, हे देविदासरावांना कळेना, आणि त्यांना एवढं रडू आलं की बरं झालं पाऊस होता. मग दारातून शिलाबाईंचं डोकं बाहेर आलं.

“अन् तुमी काहून उभे ऱ्हायलात? पाय पुसून या.”

देविदासरावांनी पायरीवर बसून बूट काढले, पोलीस बाईंच्या बुटांशेजारी नीट जोडीने ठेवले, कानटोपी पिळून तिनेच पाय पुसले, आणि मग ते घरात गेले.